टिकलीखालचा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी आलिशान मोटार आहे. त्यातलं ‘आलिशान’ आता फक्त नोंदणीच्या कागदावर उरलं आहे. ‘जुनी’ मात्र मला कुणीही लांबून म्हणतो. तुम्हाला माझी कथा सांगायची ती कौतुकासाठी नाही. मला राग आला आहे, आणि तो मला हॉर्न वाजवून सांगता येत नाही.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा माझी किंमत साठ लाख होती. पहिल्या मालकांनी मला आठ वर्षं नीट सांभाळलं. नवी गाडी आली तशी मला नऊ लाखांना विकून ते मोकळे झाले. घेणारे होते दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी अभिमनआबा.

आबांनी मला मिरवण्यासाठी घेतलं नव्हतं, हे आधी सांगते. त्यांची मोठी बहीण भिकुबाईअक्का जन्मभर शेतात राबलेली. तिच्या किडन्या थकल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी धुळ्याला जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं, अशी तिच्यावर वेळ आली. जीपच्या धक्क्यांनी तिचा जीव मेटाकुटीला यायचा. माझ्या मऊ गादीवर ती पहिल्यांदा आडवी झाली आणि थेट धुळ्यापर्यंत झोपली. त्या दिवशी माझ्या जन्माचं सार्थक झालं असं मला वाटलं.

पण आबांना ‘नाही’ म्हणता येत नाही. भाऊबंदांत कुणाचं लग्न निघालं, की नवरदेव आबांच्याच गाडीतून जाणार. माझ्या छताला सरकणारी काच आहे. तिच्यातून नवरदेव कमरेपर्यंत बाहेर निघायचा, मागे करवल्या, पुढे बॅंड, आणि सगळीकडून अक्षता. इकडे अक्षता रंगवलेल्या ज्वारीच्या असतात. मूठमूठ ज्वारी माझ्या छतावर, गादीवर, काचेच्या खाचेत पडायची. गादीवरची झाडली जायची. खाचेतली कुणाला दिसायची?

मग माझी दुखणी सुरू झाली. पुढच्या चाकावरचा, धक्के झेलणारा हवेचा फुगा गेला, पंच्याऐंशी हजार. डावा हेडलाइट गेला, एक लाख दहा हजार. आबा म्हणाले, एवढ्यात नवी मोटारसायकल आली असती. एसीचं वेगळं, बॅटरीचं वेगळं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं आबांच्या सूनबाई डिंपल जेवताना म्हणायच्या आणि आबा खाली मान घालून भाकरी मोडायचे. मला फार अपराधी वाटायचं. म्हातारपण माझं, पण सुटे भाग साठ लाखांच्या गाडीचे. त्यांना माझं वय कोण सांगणार?

यंदा उन्हाळ्यात माझा गिअरबॉक्स अडकला. मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये नेलं. तिथल्या माणसांनी संगणक जोडला, सीटखालच्या गालिच्यातली, गिअरबॉक्सला हुकूम देणारी भिजलेली इलेक्ट्रॉनिक पेटी काढली, एक लाख चाळीस हजारांची नवी बसवली आणि धुताना पाणी जपून वापरा म्हणून सांगितलं. पाणी आलं कुठून, हे कुणीच पाहिलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आबांचं प्रेम तर विचारूच नका. रोज सकाळी पाइप लावून ते मला न्हाऊ घालायचे. माझ्या छताच्या काचेभोवती पाणी वाहून जायला पन्हाळ आहे, आणि तिच्या कोपऱ्यांना करंगळीहून बारीक नळ्या. त्या ज्वारीने बुजल्या होत्या. ते पाणी आतल्या आत उतरून पुन्हा गालिच्याखाली साचत होतं. मी नारिंगी दिवा लावला. दोन दिवे लावले. आबांना तो उजेड डोळ्यांना टोचायला लागला, तेव्हा त्यांनी डिंपलकडून दोन टिकल्या मागून घेतल्या आणि स्टिअरिंगपुढच्या मीटरच्या काचेवर, त्या दिव्यांवर चिकटवल्या. आतून कुबट वास यायला लागला, तर अत्तराची बाटली टांगली. मित्रांनो, तोंड असतं तर मी तेव्हा ओरडले असते.

एका मंगळवारी धुळ्याला जाताना चिमठाण्याच्या पुढे मी पहिल्या गिअरमध्ये अडकले आणि बंद पडले. ऊन कडक. अक्काचे पाय आधीच सुजलेले, श्वास जड झालेला. धुळ्यात मशीनवर तिची वेळ दहाची होती. आबांनी दोंडाईच्याच्या झुलाल मिस्त्रीला फोन केला. तो टेम्पो आणि जीप दुरुस्त करतो. बाहेरच्या मिस्त्रीला मला हात लावू देऊ नका, असं मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी आबांना बजावलं होतं. तो येईपर्यंत तास गेला. अत्तराच्या वासाने अक्काला मळमळायला लागलं, म्हणून आबांनी ती बाटली बाहेर फेकली. दारं उघडी होती. तापलेल्या गालिच्यातून माझा खरा वास वर आला.

अक्काने दोनदा श्वास ओढला. मग हळू आवाजात म्हणाली, “अभिमन, हाऊ वास ज्वारीले मोड येवाना शे.”

आबा म्हणाले, अक्का, तू बोलू नको, पडून राहा. पण झुलालने ऐकलं. साठ वर्षं बियाणं पेरलेली बाई वासात चुकणार नाही, एवढं त्याला कळत होतं. त्याने छताची काच सरकवली आणि खाचेत बोट घातलं. बोटाबरोबर हिरवे, कोवळे कोंब बाहेर आले, मुळांसकट. कुंकवाचा रंग अजून दाण्यांना लागलेला होता. आबा त्या कोंबांकडे पाहत रस्त्याच्या कडेला तसेच बसून राहिले.

अक्का मागून आलेल्या काळीपिवळी जीपमधून धुळ्याला गेली. मशीनची वेळ टळून गेली होती. संध्याकाळी कुठे मशीन मिळालं, आणि दोन दिवस तिला अंथरुणावरून उठवेना. झुलालने मला ओढून नेलं, सायकलच्या ब्रेकची तार घालून नळ्या मोकळ्या केल्या, गालिचा काढून पेटी दोन दिवस उन्हात वाळवली. मी सुरू झाले. त्याने तीनशे रुपये घेतले.

शुक्रवारी सकाळी आबांनी मला दारात उभं केलं. अक्का आली, पण आत बसेना. दाराला धरून तिने माझ्या काचेकडे बोट केलं.

“त्या टिकल्या काढ पहिले. त्यास्ना खाले काय शे ते माले दखाड, मंग बससू मी.”

आबांना लाज वाटली. नखाने त्यांनी पहिली टिकली खरवडली. खाली अंधार होता, गिअरबॉक्सचा दिवा विझला होता. दुसरी काढली. तिच्याखाली माझा दिवा तीन महिने जळत होता, तसाच जळत होता. आबांनी झुलालला बोलावलं. त्याने पुढचं चाक काढलं, आत पाहिलं, आणि चाक तसंच जमिनीवर ठेवलं.

“आबा, ब्रेकना पॅड बठ्ठा संपेल शेत. आज गाडी काढू नका.”

आबांनी काळीपिवळी जीप बोलावली. त्यांनी अक्काला जीपमध्ये बसवलं, तिच्या पाठीमागे माझ्याच सीटवरची उशी दिली आणि स्वतः शेजारी बसून गेले. मला त्या दिवशी घरी सोडून गेले, तरी मला वाईट वाटलं नाही. तीन महिने मी जे सांगत होते, ते त्या दिवशी कुणीतरी ऐकलं होतं.

सोमवारी नवे पॅड बसले. संध्याकाळी आबांचे चुलतभाऊ पुतण्याच्या लग्नाला मला मागायला आले. लग्न मंगळवारचं होतं. मला वाटलं, झालं, पुन्हा ज्वारी. आबांनी चहा दिला, आणि मग मान वर करून ते म्हणाले, “मंगळवारे गाडी अक्कानी शे.” भाऊ रुसून गेले. अजून बोलत नाहीत.

मित्रांनो, आम्ही यंत्रं आहोत. आम्हाला रोज अंघोळ नको, हार नको, अत्तर नको. आमच्या अंगावर एखादा दिवा लागला, तर तो झाकू नका. तो का लागला, एवढंच विचारा. तुमच्या घरातल्या थकलेल्या माणसांचंही काही वेगळं नसतं, असं मला अक्काकडे पाहून वाटतं.

आता मंगळवारी सकाळी आबा किल्ली फिरवतात, आणि निघण्याआधी काचेवर क्षणभर लागणारे सगळे दिवे विझेपर्यंत थांबतात. अक्का मागून विचारते, “गयात का बठ्ठा?” आबा म्हणतात, हो, सगळे गेले. मगच ती डोळे मिटते.