ढोरमाळावरची दुर्बीण

मित्रांनो, कपाटाचं दार उघडलंच आहे, तर आधी हात दाखवा. तेलकट नाहीत ना? मग घ्या उचलून. मी जुनी दुर्बीण, ओझरची. माझ्या एका काचेत बुरशी धरली आहे आणि पट्टा तर केव्हाच तुटला. स्वभाव मात्र शाबूत आहे. संशयी म्हणतात मला. म्हणोत! लांबचं बघणाऱ्यानं भोळं राहून कसं चालेल?

उत्तरेकडच्या एका कारखान्यात कारागिरांनी काचा घासून मला घडवलं. तिथून मी थेट ओझरच्या विमानतळावर आले, खंडेरावांच्या गळ्यात. धावपट्टीजवळ पक्षी दिसला की वर्दी द्यायची आणि फटाके वाजवून त्याला हाकलायचं, ही आमची नोकरी. पक्षी विमानावर आदळला तर अनर्थच. त्यामुळे आम्हाला साधा बगळाही चोर वाटायचा, आणि गिधाड म्हणजे तर दरोडेखोर! ते घिरट्या घालू लागलं की खंडेराव ओरडायचे, "आला रे मुडद्या!" साहेब त्यांची पाठ थोपटायचे, "खंडेराव, तुमची नजर म्हणजे नजर!" नजर माझी, शाबासकी त्यांना. असो.

नव्वदचं दशक सरता सरता गिधाडं येईनाशी झाली. आधी आम्ही खूश झालो. मग खंडेरावांनाच चैन पडेना. "एवढी सगळी गेली कुठं?" असं ते जेवताना मध्येच म्हणायचे. पुढं कळलं, गुरांच्या दुखण्यावर टोचायचं एक औषध गिधाडांना विषासारखं बाधत होतं. सुई टोचलेलं ढोर मेलं की त्याला खाणारी गिधाडंही मरायची. तोवर खंडेराव निवृत्त होऊन नाशिकच्या इंदिरानगरला राहायला आले होते आणि मी कपाटात पडले होते.

त्यांची लेक मंजुषा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. दोन हजार चार साली तिच्याकडे एक काम आलं. पेठच्या बाजूला उंबरओहळ नावाच्या गावाजवळ वीजप्रकल्प उभारायचा होता. त्यानं तिथल्या दुर्मिळ पशुपक्ष्यांचं काय होईल, ते पाहून तिनं अहवाल द्यायचा. गावामागच्या कड्यात गिधाडं राहतात, असं तिच्या कानावर होतं. ती तिला दिसली तर प्रकल्पाला जागा बदलावी लागणार. नाही दिसली तर विजेच्या तारा कड्याला खेटून जाणार आणि असतील ती गिधाडं त्यांत सापडून संपणार.

खंडेरावांनी मला मऊ फडक्यानं पुसून तिच्या हातात दिलं. "मी जन्मभर हाकलली गं. तू निदान शोधून तरी आण."

जीपमध्ये आमच्याबरोबर प्रकल्पवाल्यांचा माणूस होता, संतोष. गोड बोलायचा. फारच गोड. मला तिथंच शंका आली. उंबरओहळला पोचलो तर सरपंच गोटीराम नारळ घेऊन वेशीत हजर, गल्ल्या झाडलेल्या, दारोदार रांगोळ्या. एवढं आगतस्वागत? नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं.

कड्याच्या कपारी खोल, त्यामुळे खालून घरटी दिसत नाहीत. गिधाडं बघायची तर ढोरमाळावर, म्हणजे गावची मेलेली गुरं टाकायच्या जागी. आम्ही तिथं गेलो. बघतो तर काय, माळ लख्ख! हाड नाही, कातडं नाही, वर पांढराशुभ्र चुना भुरभुरलेला. आभाळही तसंच रिकामं. दुसऱ्या दिवशीही तीच गत.

"मॅडम, नाहीत तर नाहीत," संतोष म्हणाला. "'आढळली नाहीत' एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. उद्या आपला शेवटचा दिवस."

मी मात्र माळाच्या कडेला ताज्या मातीचा उंचवटा हेरला होता. मंजुषानंही तो पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

"सरपंच, इथं काय पुरलंय? आणि कुणाच्या सांगण्यावरून?"

गोटीराम चाचरला. संतोष बुटाच्या टोकानं खडे उडवू लागला. मी मनात म्हटलं, सापडला चोर!

तेवढ्यात गोटीरामची आई, ठमाबाई, पदर खोचून पुढं आली. "कोन कशाला सांगंल, बाई? पाव्हनं येनार म्हनून समदं गाव झाडलं. नाशकाची मानसं वास आला की नाकाला रुमाल लावत्यात, मंग आमची लाज जाती ना! माझा म्हातारा बैल मेला, मोऱ्या. येरवी हितंच टाकला असता. पर पाव्हन्याम्होरं घान कशी ठिवायची? काल पहाटंच हळदकुंकू लावून पुरला."

मंजुषानं कड्याकडं बोट दाखवलं. "मावशी, गिधाडं इथंच जेवायला येतात ना हो?"

"येत्यात की. आमची नेहमीचीच हायेत ती."

"त्यांनाच बघायला आलोय आम्ही."

"अगं बया!" ठमाबाईनं तोंडावर हात ठेवला. "मंग आधी सांगायचं नाय का? आमाला वाटलं, रस्त्याचं मोजमाप हाय."

खरंच की! आम्ही जीप घेऊन आलो, हारनारळ घेतले, पण कशासाठी आलो ते गावाला सांगावंसं कुणालाच वाटलं नव्हतं. मंजुषा शरमली. माझा संशय मात्र एवढ्यानं फिटेना, आणि गोटीराम बोलूनच गेला, "या सायबांचा निरोप व्हता, मोठी मानसं येनार, जरा नीटनेटकं ठेवा."

"मॅडम, आईशप्पथ, सगळ्याच गावांना आम्ही तसं कळवतो," संतोष म्हणाला. असेलही. बगळ्यालाही चोर समजणारी मी, मी काय लगेच विश्वास ठेवणार!

आता करायचं काय? "दुसरं ढोर मरंपोत्तर थांबा," गोटीराम म्हणाला आणि स्वतःच जीभ चावली. कुणाच्या गोठ्यातलं मरण मागायचं?

मंजुषानं हळूच विचारलं, "मावशी, मोऱ्याला सुई टोचली होती का?"

"ढोरडागदर हितवर येतो कुठं? म्हातारपनानं गेला माझा."

म्हणूनच तर या आडगावातली गिधाडं तगली होती! सगळे त्या उंचवट्याकडं बघू लागले. ठमाबाईनंच ओळखलं. "हळदकुंकू लावलेलं ढोर उकरत नाय कुनी," ती म्हणाली. मग कड्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. "ह्याच्या मायला बी त्यांनीच नेली, आज्याला बी. मंग ह्यालाच मातीत का कोंडायचा? उकरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोऱ्या माळावर होता आणि आम्ही करवंदीच्या जाळीआड. कावळे आले. कुत्री आली, ती गोटीरामनं हाकलली. मग उंचावर एक ठिपका दिसला. मी म्हटलं, घार असेल. ठिपका मोठा झाला, रुंद पंख पसरून खाली आला, आणि मला उघडी लांब मान अन् गळ्याभोवतीची पांढरी पिसं दिसली. हाच तो आमचा मुडद्या! कधी वाटलं नव्हतं, मित्रांनो, की त्याला बघून माझा जीव असा हरखेल. मागून दुसरं आलं, तिसरं आलं, आणि मग मंजुषाच्या आसवांनी माझ्या काचा धुरकटल्या. संतोषनं मला मागून घेतलं. बराच वेळ परत देईना. "बाप रे," एवढंच म्हणाला.

ठमाबाई मात्र माळाकडं पाठ करून बसली होती. "म्या नाय बघायची. तूच सांग बाई, जेवली का समदी?"

"जेवली, मावशी."

अहवालात मंजुषानं 'आहेत' असं लिहिलं. पुढं बऱ्याच बैठका झाल्या आणि प्रकल्पाची जागा कड्यापासून लांब सरकली. खंडेरावांनी ती बातमी ऐकली आणि मला नवा पट्टा घातला. तोच हा तुटलेला. आता ते नाहीत. मंजुषाकडं नवा कॅमेरा आहे, आणि मला इथं ओल लागते.

तेव्हा मुलांनो, मला अधूनमधून उन्हाची तिरीप दाखवा, मऊ फडक्यानं पुसा. संशयही जरूर घ्या, पण तोंड उघडून विचारायला लाजू नका. आणि कुठलीही जागा झाडून लख्ख करण्याआधी एवढं तरी विचारा, की इथं जेवायला कोण येतं?