डांबराखालची ओळ

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे. कागलच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या हद्दीला चिकटलेल्या एका गावात, दवाखान्याच्या दाराशेजारी मी टांगलेली आहे.

१९९३ साली मीरासाब पेंटरांनी मला रंगवलं. वर मराठी, खाली कन्नड. मजकूर एकच : 'दवाखाना बंद असल्यास मागच्या खोलीची घंटा वाजवा.' कन्नडची गोल अक्षरं काढताना ते श्वास रोखून धरत. हद्दीपलीकडच्या लोकांनाही हाच दवाखाना जवळचा. ते यायचे, ओळीवरून बोट फिरवत वाचायचे आणि मागच्या खोलीकडे वळायचे. मला धन्य वाटायचं.

२००४ साली माझ्यासमोरच्या अंगणात ग्रामसभा भरली. पंचायतीचे सदस्य कृष्णात तावातावानं उठले. "तिकडं आपल्या मराठी पाट्या काढत्यात. मग हितं त्यांची भाषा कशाला?"

म्हाताऱ्या चिमणाबाई म्हणाल्या, "दुखणं काय भाषा बघून येतंय व्हय रं?"

टाळ्या कृष्णातांनाच पडल्या. कन्नड पुसायला मीरासाबांना बोलावलं. "लिवलेलं पुसायला हात उठत न्हाय माझा," म्हणून ते परत गेले. मग कृष्णातांनी स्वतःच ब्रश घेऊन त्या ओळीवर डांबर फासलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी पलीकडच्या गावची अक्काताई बैलगाडी हाकत आली. गाडीत तिचा नवरा सिद्धाप्पा बेशुद्ध पडला होता. उसात त्याच्या हाताला साप चावला होता. दाराला कुलूप, अंगणात चिटपाखरू नाही. "यार अदीरी?" कोण आहे, असं ती कन्नडमध्ये हाका मारत राहिली. मागच्या खोलीत नर्स तानाबाई शिलाई मशीन चालवत होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही. अक्काताईनं माझ्याकडे पाहिलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं आणि तिच्या ओळीवर डांबर होतं. तिनं गाडी वळवली. कागल गाठेपर्यंत दोन तास गेले.

सिद्धाप्पाचा जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली.

महिन्यानं दोघं मलमपट्टीसाठी आले, तेव्हा कृष्णात दारातच होते. अक्काताई माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. सिद्धाप्पानं मराठीत विचारलं, "पावणं, ही इचारतीया, त्या काळ्याखाली काय लिवलंतं?"

कृष्णात म्हणाले, "मागं घंटा हाय... ती वाजवा म्हणून."

अक्काताई मागे जाऊन ती घंटा बघून आली.

संध्याकाळी कृष्णात रॉकेल आणि चिंध्या घेऊन आले. खूप घासलं. डांबर निघालं, पण त्याच्यासोबत अक्षरंही निघून आली. मीरासाब तोवर वारले होते आणि गावात ती अक्षरं काढणारं दुसरं कुणी नव्हतं.

मित्रांनो, भाषेवरून भांडण झालं तर तुमचं म्हणणं जरूर मांडा. पण दवाखान्याच्या दारावरची ओळ पुसण्याआधी ती वाचायला कोण येतं, ते एकदा बघा. मी पाहिलं होतं. मला सांगता आलं नाही.