नाचऱ्या खारीविरुद्ध तक्रार

मुंगीच्या आईचं काम बघण्याचं होतं. औषधांच्या कारखान्यात पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरकत जायची आणि ती स्टुलावर बसून बघायची. दहा गोळ्यांच्या जागी नऊ दिसल्या, की बोट पुढे करून ते पाकीट बाजूला ओढायची. दिवसाला चाळीस हजार पाकिटं, त्यात चुकार निघायची तीन किंवा चार. रसायनशास्त्राची पदवी घेऊन शेवटी स्टूलच नशिबी आलं, याचं तिला अधूनमधून वाईट वाटे. पण तिच्यासारखी नजर अख्ख्या कारखान्यात कुणाची नाही, हे साहेबही कबूल करायचे.

अडचण एवढीच, की सुटीचा भोंगा झाला तरी ही नजर बंद होत नसे. घरी आल्यावर ती मुलीकडे बघायची.

मुलगी तेरा वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी, आणि आता आईच्या खांद्याला लागली तरी मुंगीच. तेरा पूर्ण झाली त्या दिवशी बापाने आपला जुना फोन तिला दिला, तिने त्यावर स्वतःचं खातं उघडलं, आणि घरात एक नवीन उत्तर राहायला आलं.

“काय बघतेस गं?”

“काही नाही.”

“मग हसतेस कशाला?”

“काही नाही.”

आईची मागणी काही जगावेगळी नव्हती. पोरीला कुणी काही बोललं, काही खुपलं, काही दुखलं, तर ते सगळ्यात आधी आपल्याला कळावं, बस्स. मागाहून कळणं तिच्या हिशेबी न कळल्यासारखंच होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “लिफ्ट अडकली की आतल्याने ओरडायचं असतं. बाहेरच्यानेच बोंब ठोकली, तर आतल्याचं ऐकू कसं येणार?”

“तुला सगळीकडे लिफ्टच दिसते.”

“आणि तुला सगळीकडे नऊ गोळ्या,” तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

अशात शाळेत पोलिसांचा कार्यक्रम झाला. विषय होता समाजमाध्यमं आणि मुलांची सुरक्षितता. मुलांना वरच्या प्रयोगशाळेत बसवलं, त्यांच्याशी फौजदारबाई बोलल्या. पालकांना खालच्या हॉलमध्ये बसवलं, त्यांच्या वाट्याला हवालदार आले. हवालदारांनी पडद्यावर मोबाइलचं एक चित्र लावलं आणि वीस मिनिटं ते बदललंच नाही. सगळ्यात शेवटी म्हणाले, “आपली मुलं तिथे कुणाशी बोलतात, काय बोलतात, हे आपल्याला माहीत पाहिजे. त्यांच्या जगात शिरा!” मागच्या रांगेत एक बाप घोरत होता. पहिल्या रांगेत मुंगीच्या आईने वहीत ‘शिरणे’ असं लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्याच आठवड्यात ती शिरली. खात्याचं नाव ठेवलं ‘नाचरी खार’. वय तेरा, तुकडी ब, आवड चित्रकला आणि पोहणे. मुंगी अ तुकडीत होती. शाळेतलीच कुणीतरी म्हणून तिने मैत्री मान्य केली.

वेळही आईने विचार करून निवडली. मुंगी चारला घरी यायची आणि आईची पाळी सहाला सुटायची. मधले दोन तास पोर घरात एकटी असे, आणि ते दोन तास आई कशी काढायची ते त्या पट्ट्यालाच ठाऊक. आता सव्वाचारच्या चहाच्या सुट्टीत ती खोक्यांच्या थप्पीमागे उभी राहून खार होऊ लागली.

पहिल्या दिवशी तिने लिहिलं, “हाय. घरी पोचलीस का? डबा संपवलास का?”

“हो,” मुंगीने कळवलं.

संध्याकाळी आईने डबा उघडला. निम्मा तसाच. बोलायची सोय नव्हती, कारण डबा संपल्याचं मुंगीने खारीला सांगितलं होतं, आईला नाही. आईने गुपचूप डबा घासला.

दुसऱ्या दिवशी खारीने विचारलं, “एकटीच आहेस का? दाराला आतून कडी लावलीस का? आई किती वाजता येते?”

उत्तर यायला वेळ लागला. मग आलं, “एकटी नाही. बाबा आहेत. काका पण आहेत. आणि दोन कुत्री.”

आई खोक्याला टेकून उभी राहिली. मुंगीला काका नव्हता. बाबा त्या वेळी कुठल्या तरी इमारतीत अकराव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर बसलेले. आणि कुत्रं लांब राहिलं, त्या घरात झुरळालाही आईच्या नजरेतून सुटून जाता येत नसे. पोरगी इतकं धडधडीत खोटं बोलायला शिकली कुणाकडून? त्या दुपारी आठ गोळ्यांचं एक पाकीट तिच्या नाकासमोरून निघून गेलं आणि पुढच्या टेबलावरच्या बाईने ते पकडलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

“कुत्र्यांचा फोटो पाठव ना,” खारीने तिसऱ्या दिवशी लिहिलं. “तुझाही पाठव. दमलेली दिसतेस का, बघू. तुझा आराम महत्त्वाचा, तथापि अभ्यासही कर.”

फोटो आला नाही. त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईला दिसलं, की खिडकीचा पडदा ओढलेला आहे. मुंगीने जेवताना दोनदा उठून दाराची कडी तपासली.

“काय झालं गं?”

“काही नाही.”

आता मात्र आईची खात्रीच पटली. पोरीला कुणीतरी छळतंय. डोळ्यांत तेल घालून बसलो तरी कुणीतरी मेला आपल्या नजरेआडून तिच्यापर्यंत पोचलाच. आपल्याला सांगत नाही, पण मैत्रिणीला सांगेल. दुसऱ्या दिवशी सव्वाचारला तिने खारीकडून लिहिलं, “तुला कुणी त्रास देतंय का? मला सांग. आईला सांगू नकोस, मला सांग.” मुली आपसात असंच बोलतात, असा तिचा समज होता.

पुढच्या दिवशी दुपारी दोन वाजता पोलीस ठाण्यातून फोन आला. तुमच्या मुलीने सकाळी शाळेमार्फत आमच्याकडे अर्ज दिला आहे. समाजमाध्यमावर एक अनोळखी इसम तिच्या मागे लागला आहे. पालक म्हणून या.

ती टोपी आणि हातमोज्यांसकट निघाली.

ठाण्यात मुलांच्या तक्रारींसाठी एक वेगळी खोली होती. पिवळा रंग, खोकाभर खडू, टेबलापलीकडे फौजदारबाई, अलीकडे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. शाळेत आलेले हवालदार कोपऱ्यात लिहीत बसले होते. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि बसायच्या आतच बोलायला लागली होती.

“कोण आहे तो? सापडला का? मी सांगते, असल्यांना सोडता कामा नये. लेकरांच्या वाटेला जातात, हात झडले पाहिजेत मेल्यांचे.”

“पालकांची इच्छा, कडक कारवाई व्हावी,” हवालदार मोठ्याने म्हणत लिहू लागले.

“नुसती कडक नाही. अतिशय.”

हवालदारांनी ओळीच्या वर खूण करून ‘अतिशय’ घातलं.

फौजदारबाई साधारण तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी काही कागद पुढे घेतले. “ताई, मुलीने सगळं संभाषण जपून ठेवलंय. वाचते, तुम्ही ऐका.” आणि विजेचं बिल वाचावं तशा आवाजात त्यांनी वाचायला घेतलं. “घरी पोचलीस का. एकटीच आहेस का. दाराला आतून कडी लावलीस का. आई किती वाजता येते.”

मुंगीच्या आईच्या अंगावर काटा आला. काटा आधी आला आणि ती वाक्यं कुणाची ते मग कळलं.

“सराईत दिसतो,” फौजदारबाई पान उलटत म्हणाल्या. “मुलीने मात्र छान निभावलं. आम्ही शाळेत सांगितलंच होतं, घरी कोण आहे विचारलं, दाराबद्दल विचारलं, फोटो मागितला, की खरं उत्तर द्यायचं नाही. मोठी माणसं घरात आहेत म्हणायचं. कुत्रं आहे म्हणालात तर उत्तमच. तिने दोन सांगितली.”

“हो,” आई म्हणाली.

“आणि हे बघा. आईला सांगू नकोस, मला सांग.”

हवालदार चुकचुकले. “यांचं ठरलेलं वाक्य आहे.”

आईचा फोन पिशवीत होता. खारीला कायमचं नाहीसं करायला दोन मिनिटं पुरली असती. पालक म्हणून सही केली असती, पोलिसांनी शोध घेतला असता, नसता घेतला, आणि घरी जाऊन पोरीला जवळ घेता आलं असतं. अतिशय कडक आई म्हणून.

“आता पुढे काय?” तिने विचारलं.

“तपासाला आठ-दहा दिवस लागतील. तोवर तिला एकटी ठेवू नका. घाबरलीय ती, दाखवत नाही. तुम्ही अर्ज वाचा आणि खाली सही करा.”

अर्ज मुंगीच्या अक्षरात होता, वळणदार, ओळी सरळ. नाव, इयत्ता, घडलेली हकीकत. मग छापील प्रश्न होता: घरी सांगितले आहे का? नाही. नसल्यास कारण. त्यापुढे मुंगीने लिहिलं होतं, “आईला सांगितलं की ती घाबरते. मग तिला सांभाळावं लागतं. आणि माझी परीक्षा आहे.”

आईने ते तीनदा वाचलं.

“खार मी आहे,” ती म्हणाली.

हवालदारांचं पेन थांबलं. “कोण?”

“खार. नाचरी.” तिने फोन काढून खातं उघडलं आणि टेबलावर ठेवलं. पडद्यावर खार शेपटी वर करून बसली होती.

फौजदारबाईंनी खारीकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “ताई, खुर्ची बदला. ही तक्रारदाराच्या बाजूची. तुम्ही त्या खुर्चीत बसा.”

खुर्च्या दोन्ही सारख्याच होत्या. ती उठून दुसऱ्या खुर्चीत बसली.

“मॅडम,” हवालदारांनी विचारलं, “पालक म्हणून सही यांची आणि जबाबाखालची सहीही यांचीच?”

“घ्या.”

“आणि ते अतिशय कडक?”

“ते खोडू नका. पालकांची इच्छा आहे.”

“यांनीच सांगितलं होतं, मुलांच्या जगात शिरा म्हणून,” आईने हवालदारांकडे बोट दाखवलं. “मी लिहूनही घेतलं.”

हवालदार पंख्याकडे बघू लागले. “दार वाजवून शिरा, असं म्हणायचं होतं,” ते म्हणाले.

फौजदारबाई हसल्या नाहीत. “ताई, मी तुम्हाला समज देऊन सोडीन. पण एक ध्यानात घ्या. हे तिला आज ना उद्या कळणारच, आणि ते भलत्याच कुणाकडून कळलं, तर पुढच्या वेळी खरोखरचा कुणी आला की तिला वाटेल, आईच असेल. ती त्याला खरी उत्तरं देईल. म्हणून आजच सांगायला हवं. मी सांगू की तुम्ही सांगता?”

“मीच सांगते.”

“अर्ज तिने दिलाय. बंद झाला, अशी सही तिचीच लागेल. तोवर तो उघडा राहील.”

ती घरी पोचली तेव्हा साडेचार झाले होते. घंटी वाजवल्यावर आतून आधी काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला. मग वरची कडी, मग खालची, मग साखळी. दार उघडलं तेव्हा मुंगीच्या मागे जेवणाच्या टेबलाची खुर्ची उभी होती. आतापर्यंत दाराला लावलेली. आईने ती उचलली, जागेवर नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसली.

“लवकर कशी आलीस?”

“पोलीस ठाण्यात गेले होते. मुंगे, ती खार मी होते.”

मुंगी म्हणाली, “खार ब तुकडीत आहे.”

“नाहीये.”

“तिला पोहता येतं.”

“येत नाही.”

“तू?”

“मीच.”

मुंगीने जरा विचार केला. “तरीच. ‘तुझा आराम महत्त्वाचा, तथापि अभ्यासही कर.’ मला वाटलं, कुणीतरी म्हातारा असणार. तीन रात्री झोपले नाही मी.” शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

आई खुर्चीवर बसून राहिली. दाराशी जाऊन कान लावावा असं तिला चारदा वाटलं. चारही वेळा ती बसूनच राहिली. मध्येच नवऱ्याचा फोन आला, तो तिने घेतला नाही. बाहेर कुणाची तरी पाण्याची मोटर सुरू झाली आणि बंद झाली.

पाऊण तासाने मुंगी बाहेर आली. डोळे लाल होते, पण तोंड धुतलेलं.

“ते खातं माझ्यासमोर बंद कर.”

आईने बंद केलं. मुंगीने फोन हातात घेऊन ते दोनदा शोधून पाहिलं. नव्हतं.

“मी लगेच सही करणार नाहीये.”

“बरं.”

“शनिवारपर्यंत बघणार.”

“काय बघणार?”

“तू कशी वागतेस ते.”

“बरं.”

“तुला विचारायचं होतं तर मला विचारायचं ना.”

“विचारते तेव्हा तू ‘काही नाही’ म्हणतेस.”

“कारण तू विचारतेस तेव्हा तुझा चेहरा आधीच रडायला लागलेला असतो. मग मी काय सांगणार?” मुंगी टेबलाला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, “एक सांगू? पण काही करायचं नाही. बाबांना फोन नाही, शाळेत फोन नाही. उठायचंसुद्धा नाही.”

“नाही उठत.”

“गेल्या महिन्यात माझी सायकल कालव्यात पडली होती.”

आई उठली नाही.

“मी सायकलवर होते.”

आईच्या घशाशी एकदम अकरा प्रश्न आले. कुठे, कधी, पाणी केवढं होतं, कुणी काढलं, डोक्याला लागलं का, कपडे ओले कसे दिसले नाहीत मला. तिने ते एकेक करून गिळले. टेबलाखाली एका हाताने दुसरा हात घट्ट धरून ठेवला.

“मग?” ती म्हणाली.

मुंगीने तिचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट न्याहाळला. कुठे काही हलत नव्हतं. तेव्हा तिने दुसरी खुर्ची ओढली आणि बसली.