दहिवरातली वाट

माझा थोरला भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं वळणदार, की मुकं गिऱ्हाईकसुद्धा पाटी मोठ्यानं वाचून आत शिरायचं. पण हात थरथरायला लागला आणि पाट्या सुटल्या. तेव्हा दादानं एकच चित्र काढलं, थंडीतल्या खेड्याचं. दहिवरानं पांढरं पडलेलं शेत, पानं झडलेलं झाड, मागे एक झोपडी. "हे शेवटचं," म्हणाला आणि ब्रश धुऊन माळ्यावर टाकले.

चित्र न्हाव्याच्या दुकानात लागलं. त्यातला गारठा काय सांगू! समोर बसलेल्याच्या गालावरचा फेस गोठायचा. न्हावी दाढी करायचा नाही, सोलून काढायचा. खोटं वाटत असेल तर माझी हनुवटी बघा.

अखेर तो वैतागला. "पेंटरसाहेब, न्या हे घरी. ऐन वस्तऱ्याखाली गिऱ्हाईक शिंकतं. एखाद्याचं नाक गेलं तर मी काय चिकटवत बसू?"

चित्र घरी आलं. वहिनी भाजी निवडता निवडता त्याच्याकडे बघत बसली.

"अहो, या झोपडीत कोण राहतं?"

"कुणी नाही. ओसाड आहे. सगळं संपलं, हाच तर चित्राचा अर्थ."

"मग ही पायवाट कुणी तुडवली?"

दादानं चष्मा चढवला. दहिवर पुसत गेलेली एक काळपट रेघ शेतातून थेट झोपडीच्या दाराशी पोचली होती. मला हसू आवरेना. जन्मभर प्रत्येक नावाखाली झोकदार रेघ ओढायची सवय. गड्यानं झोपडीखालीही ओढली होती!

"हात आपोआप गेला असेल," दादा पुटपुटला.

"तुमचा हात गेला, पण आत माणूस गेलंय ना? गारठेल बिचारं. चूल पेटवा त्याची."

"अगं, हात बघ माझा! एक सरळ रेघ येत नाही."

"धूर कधी सरळ जातो का?"

दादा चष्मा पुसत चित्राजवळ सरकला. तेवढ्यात मी माळ्यावरून ब्रश काढले. त्या थरथरत्या हातातून छपरावर धूर असा वळसे घेत चढला, की मला ठसका लागला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानंच आलं, असं ती अजून सांगते.

दादाचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. "एकटं माणूस कसं राहील तिथं?" तो चित्रात नाक खुपसून म्हणाला. "खिडकीत कुणीतरी हवं. पिवळा दे रे. अरे गाढवा, पिवळा म्हणतोय, तो हिरवा आहे!"