माझ्या तोंडावरचे फडके

मी एक जुना पितळी नळ आहे. एका स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, भिंतीतून मान बाहेर काढून बसलेला असतो. मित्रांनो, नळाची ती काय गोष्ट असणार, असे तुम्हाला वाटेल. पाणी येते आणि पाणी जाते. मलाही तसेच वाटत असे. पण या घरात जे घडले त्याने माझी मती गुंग झाली, ती अजून पुरती ताळ्यावर आलेली नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेले पितळ साच्यात ओतून, घासूनपुसून त्यांनी मला चकचकीत केले. मग एका प्लंबरने मला इथे आणून बसवले. पान्याने माझी मान करकचून पिळत तो म्हणाला, "झकास बसला!" मान पिरगाळणाऱ्यानेच कौतुक करावे, हे मला तेव्हाही कळले नव्हते.

माझ्याकडचे पाणी शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून येते. तिथे ते गाळतात आणि त्यात औषध मिसळतात. औषधाचा वास आला की या घरात नाके मुरडली जातात. वास आला नाही की शंका येते, "आज औषध टाकायला विसरले वाटतं!" आता मी करावे तरी काय?

घरात आजी, तिची सून आणि सुनेची लहान मुलगी. मुलीला सगळे मुंगी म्हणतात, कारण साखरेच्या डब्याचे झाकण वाजले की ती कुठूनही हजर होते. पाणी प्यायला ती स्टुलावर चढते आणि माझ्याखाली ओंजळ धरते. निम्मे पाणी पोटात, निम्मे फ्रॉकवर. "अगं, पेला कशाला असतो?" असे आजी रोज ओरडते आणि रोज तिचा फ्रॉक पुसते. मला ती वेळ फार आवडते.

एकदा गल्लीत पाइप दुरुस्तीला खणले आणि माझ्यातून गढूळ पाणी आले, वर बारीक रेतीही. आजीने कपाटातून मुंगीचे अगदी पहिले झबले काढले. धुऊन धुऊन ते सायीसारखे मऊ झाले होते. त्याचा तुकडा कापून, दुहेरी करून तिने माझ्या तोंडावर बांधला. शेजारीण म्हणाली, "किती करता हो नातीसाठी!" आजी फुलून गेली. खरे सांगतो, मीही फुशारलो.

गल्लीतले काम संपले, पाणी स्वच्छ झाले, फडके मात्र राहिले. आजी रोज त्याची गाठ आवळायची. एकदा सून म्हणाली, "आई, ते जरा धुवायला काढू का?" आजी हसली. "अगं, पाण्यातच तर असतं ते. त्याला आणखी काय धुवायचं?" मला हे पटले. पाणी गेल्यावर ते ओलेकच्च फडके माझ्या तोंडाला चिकटून राही आणि थोडे बुळबुळीत लागे. पण मायेची वस्तू अशीच लागत असेल, असे मी समजत होतो.

मग मुंगीचे पोट बिघडले. डॉक्टरांनी पाणी उकळून द्यायला सांगितले, तशी ती बरी झाली. आता सगळ्यांचा डोळा माझ्यावर. सुनेने पाणी खात्यात तक्रार केली आणि पाणी तपासणाऱ्या बाई येणार असल्याचा निरोप आला.

पाहुणे येणार म्हटल्यावर आजी गप्प बसते थोडीच! तिने ओटा घासला, मला लख्ख केले आणि ते कळकट फडके सोडून खुंटीवर टाकले. बाई आल्या. त्यांनी माझे तोंड पुसले आणि चक्क ज्योतीने शेकले! मी काय गुन्हा केला होता? मग थोडे पाणी वाहू देऊन त्यांनी बाटली भरली. त्या गेल्या आणि आजीने फडके पुन्हा बांधले.

निकाल आला, पाणी उत्तम. आजी म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते?" उकळणे बंद झाले आणि मुंगी पुन्हा स्टुलावर चढली.

काही दिवसांतच तिला दवाखान्यात दाखल करावे लागले. आजी तिच्या उशाशी बसली. घर सुने पडले, स्टूल तसेच राहिले. मी पार गोंधळून गेलो. मी चांगला, पाणी चांगले, आजी तर सगळ्यांत चांगली. मग त्या पोरीला छळत होते कोण? मला फार भीती वाटत होती.

सुनेने तपासणाऱ्या बाईंना पुन्हा बोलावले. या वेळी आवराआवर करायला आजी नव्हती. बाई माझ्याकडे बघून थबकल्या.

"हे काय बांधलंय?"

"पाणी गाळायला. आईंनी बांधलंय."

"मागच्या वेळी नव्हतं."

"तुम्ही येणार म्हणून त्यांनी काढून ठेवलं होतं. चांगलं दिसत नाही ना ते." एवढे बोलून सुनेने फडक्याला बोट लावून पाहिले. मग हळूच म्हणाली, "बाई, आम्ही पितो तसंच घ्या ना पाणी. फडक्यातनं."

बाईंनी दोन बाटल्या भरल्या. एक फडक्यातून, दुसरी फडके सोडून माझे तोंड शेकल्यावर. दुसरीतले पाणी निर्मळ निघाले. पहिलीतले पिण्याजोगे नव्हते. रोग त्या मऊ तुकड्यात घर करून बसला होता.

मुंगी बरी होऊन आली तेव्हा सुनेने आजीला सगळे सांगितले. आजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "माझ्याच हातानं गं!" सुनेने तिचा हात धरला. "आई, तुम्ही तिच्यासाठीच केलं होतंत. मला तरी कुठं कळलं?"

मित्रांनो, ज्या बाईंनी मला चटका दिला त्यांच्यामुळे मुंगी वाचली, आणि जिने मला तिच्या झबल्यात गुंडाळले तिच्यामुळे ती आजारी पडली. मी पितळेचा, माझे डोके ते किती! तुम्हाला उलगडले तर मलाही सांगा. मला इतकेच ठाऊक आहे की माझे तोंड मोकळे आणि स्वच्छ हवे. तेवढी काळजी मला पुरे.

आजीचा हात रोज सकाळी सवयीने गाठ आवळायला येतो. गाठ नसते. तो क्षणभर तिथेच चाचपडत राहतो. तेवढ्यात स्टूल सरकल्याचा आवाज होतो, मुंगी ओंजळ धरते, आणि आजी तोच हात फिरवून मला सोडते.