बाबा जिथून गेले नाहीत

हवाईतळ बंद होऊन दोन वर्षं झाली होती. आता तिथल्या विमानांच्या शेडमध्ये भाजीबाजार भरणार होता, अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात दवाखाना आणि पॅराशूटच्या घड्या घालायच्या लांबट हॉलमध्ये पाळणाघर. नकाशे मी काढत होते. माझी दहा महिन्यांची लेक पाळणाघराची पहिली गिऱ्हाईक. ते उघडलं तरच माझी नोकरी टिकणार होती, कारण तिच्या रांगण्यापुढे सासूबाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले होते.

सासरे त्याच तळावर तीस वर्षं इंधन विभागात होते. मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला की बाबांच्या पायाला भिंगरी लागायची. उठायचे, बंदच असलेला नळ पुन्हा बंद करायचे, परत यायचे.

"हॉलमागे किती खणणार?"

"वाळूच्या खड्ड्यापुरतं. दीड मीटर." सकाळपासून तिसऱ्यांदा मी हे सांगत होते.

"झोपाळे दुसरीकडे लावा. तिथे ऊन येतं."

"बाबा, तिथे पाण्याची रिकामी टाकी दाखवलीय. पाण्याचीच ना?"

"कागदावर आहे ना तसं."

"कुठल्या खोलीत बसतात ते मला तीस वर्षांत सांगितलं नाही," सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या. "तुला टाकी सांगतायत. बस वाट बघत."

"गुप्ततेच्या कागदावर सही केलीय मी," बाबा म्हणाले. "तळ बंद झाला. सही कुठे बंद झाली?"

हवाई दलाला पत्र टाकलं होतं. उत्तर आलं होतं, नोंदीप्रमाणे टाकी पाण्याचीच. आणि खणायचं यंत्र उद्या यायचं होतं.

दुपारी मी बाबांना तळावर घेऊन गेले आणि लेकीला त्यांच्या कडेवर दिलं.

"मी काही विचारत नाही. हिला हॉलमागे जरा फिरवा. हिला घेऊन तुम्ही जिथे पाऊल टाकणार नाही, तिथे मी कुदळ लागू देणार नाही."

त्यांनी तिला घट्ट धरलं आणि चालू लागले. मागून मी चुन्याची फक्की टाकत गेले. नकाशातली टाकी एका खोलीएवढी होती. बाबांनी तिच्यापासून कितीतरी दूरवरून वळण घेतलं, हॉलची अख्खी मागची बाजू टाळली आणि पुढे येऊन दाराच्या पायऱ्यांनाही लांबून वळसा घातला. लेक त्यांचा कान ओढत होती. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"मॅडम, पायऱ्यासुद्धा फक्कीच्या आत?" ठेकेदाराने विचारलं.

"पायऱ्यासुद्धा. उद्याचं यंत्र रद्द करा."

"सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही."

"आणि पाळणाघर?"

रजेचा अर्ज कसा लिहायचा एवढंच डोक्यात घोळत होतं.

बाबा मात्र थांबले नव्हते. नातीला छातीशी धरून ते दवाखान्याच्या दिशेने निघाले होते, आणि सपाट गवतावर, समोर काही म्हणजे काही नसताना, झटकन उजवीकडे वळले.

मी फक्कीची बादली उचलली आणि त्यांच्यामागे पळाले.