गिरणी सुरू होईपर्यंत

“भिंतीकडं तोंड कर,” सर म्हणाले. “ॲम्प्लिफायर डोळ्यांनी घेत नसतात.”

मी वळले. समोर रेल्वेचं कॅलेंडर होतं. माझ्या पाठीमागे सरांनी माझी हवाईन गिटार आधी एका ॲम्प्लिफायरला आणि मग दुसऱ्याला जोडली आणि दोन्हींवर त्याच तीन ओळी वाजवल्या. आतल्या खोलीत माझी रुद्राणी सरांच्या बायकोच्या, विमलकाकूंच्या मांडीवर होती. दोन ओळींच्या मधे जरा शांतता झाली की मी तिची चाहूल घेई. आठ महिन्यांची पोर नुकतीच रांगायला लागलेली, आणि बाहेरच्या खोलीत ॲम्प्लिफायरचे काचेचे व्हॉल्व्ह तापलेले.

रेणुकादास सर नांदेडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. दिवसभर गाठोडी, पेट्या आणि वजनकाटा. संध्याकाळी मांडीवर गिटार. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लग्नांत आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं. पत्रिकेवर त्यांचं नाव कधी आलं नाही, ‘वाद्यवृंदासह’ एवढंच असायचं. कॉलेजात असताना तीन वर्षं मी त्यांच्याकडे शिकले. पुढे लग्न होऊन लातूरला गेले. आता सरांच्या डाव्या हाताची बोटं आखडली होती. तारांवर फिरवायची पोलादी सळई चौथ्या ओळीला हातातून निसटायची, म्हणून त्यांनी तीनच ओळी वाजवल्या.

लातूर जिल्हा नवा. त्याच्या वर्धापनदिनाला मैदानावर कार्यक्रम होता आणि त्यात मला दहा मिनिटं मिळाली होती. वेळ रात्री आठची. पत्रिकेत छापलं होतं, ‘सौ. शिवगंगा, गिटारवादन’. आमचे हे, भीमाशंकर, कलेक्टर ऑफिसात. कार्ड घेऊन ते सगळ्या आळीत हिंडून आले. पण ॲम्प्लिफायरशिवाय माझी गिटार तिसऱ्या रांगेपुढे गेली नसती. साठवलेले नऊशे रुपये होते. नवा घ्यायचा तर तिप्पट लागत होते, म्हणून मी सरांना पत्र टाकलं.

त्यांनी दोन जुने शोधून ठेवले. एक फिरत्या टॉकीजचा, काळा, लोखंडी, कोपरे चेपलेला. दुसरा त्यांचा स्वतःचा. किंमत दोन्हींची सारखीच. उरेल तो धर्माबादचे अडते गुरुपादप्पा नेणार होते, मोंढ्यात धान्याचे लिलाव पुकारायला. पत्राच्या शेवटी सरांनी लिहिलं होतं, ‘माझाही मांडतो आहे. भिडेखातर घेऊ नकोस. भिडेनं घेतलेलं वाद्य वाजत नाही.’

मला विचार करावा लागलाच नाही. पहिला आवाज भरलेला, गोल. एक सूर दुसऱ्यात हलकेच उतरायचा. अंगावर काटा आला.

“पहिला,” मी भिंतीलाच सांगितलं.

“तो माझा.” सर अगदी साध्या आवाजात म्हणाले खरे, पण मी वळले तेव्हा ते चष्मा पुसत होते. आतून काकू म्हणाल्या, लग्नाच्या मांडवातसुद्धा एवढे खुलले नव्हते हो. मला तर हसावं की नाचावं तेच कळेना. सरांचा ॲम्प्लिफायर, माझं नाव, आणि सगळं मैदान. काय काय वाजवायचं ते मी मनात जुळवायलाही लागले.

मग उगाच माझी नजर वरच्या बल्बकडे गेली.

दुष्काळ पडल्यापासून लातूरला दिवेलागणीनंतर विजेत जीव राहत नाही. बल्बची नुसती तार लाल दिसते. त्या उजेडात रुद्राणीला माझा चेहरा ओळखू येत नाही आणि ती रडते. कार्यक्रम तर आठचा.

“सर, खालची पिठाची गिरणी कधी सुरू होते?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बल्बकडे.

“चारला.”

“तोवर थांबू या का?”

त्यांनी दोन्ही ॲम्प्लिफायर बंद केले. मग म्हणाले, “थांबू की.”

काकूंनी चहा केला. टँकर दोन दिवस आला नव्हता, म्हणून कपबशा राखेनं घासून फडक्यानं पुसलेल्या. त्या अर्ध्या तासात सर पार्सल ऑफिसातल्या गमती सांगत राहिले आणि मी दर मिनिटाला घड्याळ बघत राहिले. गिरणी सुरू होऊच नये, असंही एकदा वाटून गेलं.

चारला गिरणीनं वीज ओढली, खालून फरशी थरथरली आणि बल्ब लालसर झाला. या वेळी गिटार माझ्या मांडीवर होती. सरांच्या ॲम्प्लिफायरवर पहिली ओळ निघाली. दुसरी गोधडीआडून बोलल्यासारखी आली. तिसरी मलाच ऐकू आली नाही. टॉकीजचा ॲम्प्लिफायर गावोगाव जनरेटरच्या इंजिनवर चाललेला. त्याच्या पाठीला कमी विजेसाठी फिरवायची खुंटी होती. सरांनी ती स्वतःच्या हातानं फिरवली. तो आधी गुरगुरला, मग बोलला. आवाज जाडाभरडा होता, पण शेवटपर्यंत अख्खा.

“सर, तुमचा गोड आहे. पण आठ वाजता...”

“पुढचं सांगू नको. अठ्ठावीस वर्षांत हे मला सुचलं नाही. आमची लग्नं दुपारी बारा-एकच्या मुहूर्तावरची गं.” ते हसले. “ऐकायला माझ्याकडं शिकलीस, हे मात्र तुझं तू शिकून राहिलीस.”

नऊशे रुपये त्यांनी टॉकीजच्या मालकासाठी बाजूला ठेवले. तेवढ्यात गुरुपादप्पा जिना चढून आले, कपाळावर विभूती, खांद्यावर उपरणं. त्यांनी एकच विचारलं, “लई लांब जातंय का आवाज?” वीज कमी झाली की आवाज बसतो, हे सरांनी आधीच सांगून टाकलं. गुरुपादप्पा म्हणाले, “लिलाव सकाळी अकराला राहतो, तवा लाईट बरी राहती. आन यंदा मालच न्हाई, तर गर्दी कुठली.”

सरांनी माझा ॲम्प्लिफायर खाली ऑटोपर्यंत आणून दिला, एक बाजू त्यांनी धरली, एक ऑटोवाल्यानं. पायाशी तो, मांडीवर रुद्राणी. माझी बोटं त्या लोखंडावर आपोआप चालू झाली होती. खुंटी फिरवायची, आधी गरम होऊ द्यायचा, मग वाजवायचं, आणि मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणार. मला हसू आवरेना. गिरणी मधेच थांबली. बहुधा दळण संपलं असावं.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून तो आवाज आला, भरलेला, गोल. सर गुरुपादप्पांना माइक लावून दाखवत होते.

“तूर,” सर म्हणाले. “मूग. उडीद.”

मी ऑटोवाल्याला जरा थांबायला सांगितलं.

प्रत्येक नावानंतर ते थोडी जागा सोडत होते. घाई नाही. रुद्राणी मान वर करून खिडकीकडे बघत होती.

“आवाज येतोय का?” वरून सरांनी विचारलं. गुरुपादप्पा “हाव, येतोय” म्हणाले. तरी सरांनी सगळी नावं पुन्हा पहिल्यापासून घेतली. या खेपेला शेवटी ज्वारीही घेतली, आणि ती विरेपर्यंत पुढे काही बोलले नाहीत.